आरएई सोड, एजेएफ गाठ

"गावाचं नाव नको. अक्षरं सांग." तिकीट काढायला टेबलापाशी गेलं की काका मान वर न करता एवढंच म्हणत.

रियाधमधल्या आमच्या बांधकाम कंपनीत सगळ्यांची विमानाची तिकिटं तेच काढत. मूळचे नाशिकचे. एसीचा रिमोट मॅनेजरच्या ताब्यात, त्यामुळे बारा महिने अंगात स्वेटर. विमानतळांची तिकिटावर छापतात ती तीन अक्षरं त्यांना अख्ख्या देशाची पाठ होती. जेद्दाचं जेईडी काय, शेंबडं पोरही सांगेल. पण नजरानचं ईएएम? त्यात नजरान आहे कुठे?

मी हुज्जत घातली तर म्हणाले, "पाळण्यातलं नाव वेगळं असतं, हाकेचं वेगळं. पण तू पुण्याचा, वाद घालणारच."

माणसांनाही ते तशीच हाक मारत. तबूकच्या साइटवरचा टीयूयू, अब्हाचा एएचबी. मी पार उत्तरेला अरारला, म्हणून आरएई. माझी बायको रियाधलाच राहायची. ती दुकानात भेटली की काका विचारत, "आमचा आरएई काय म्हणतो?" आरएई हे एखादं मशीन असावं, असं बिचारीला बरेच दिवस वाटत होतं.

तुम्ही म्हणाल, पाठांतराचं एवढं काय कौतुक? दोन वर्षं मीही तेच म्हणून हसत होतो.

मग बायकोचे दिवस भरत आले. माझं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं आणि एका सकाळी तिचा फोन आला, कळा सुरू झाल्यात. बाहेर अरारवर धुळीचं वादळ, विमानं रद्द. मी काकांना फोन लावला.

"आरएई सोड, एजेएफ गाठ."

"अहो काका, अल जौफ म्हणजे गाडीने दोन तास!"

"मग बोलत काय बसलास? तिथे धूळ नाही, मी विचारून घेतलंय. दुपारच्या विमानात तुझी जागा धरलीय. इकामा, ते राहण्याच्या परवान्याचं कार्ड, खिशात आहे ना? यल्ला, निघ."

अर्ध्या रस्त्यात धूळ मागे पडली. मी हॉस्पिटलात पोचलो आणि पाऊण तासाने मुलगी झाली.

संध्याकाळी काका खजुराचा डबा घेऊन आले. मुलीला मांडीवर घेऊन बसले.

"माझी झाली तेव्हा मी तबूकला होतो," ते म्हणाले. "असंच वादळ. तीन दिवस विमानतळावर बसून काढले. मागाहून कळलं, गाडीने तीन-चार तासांवरच्या अल वज्हहून विमानं उडत होती. मला कुणी सांगितलंच नाही रे. मग एकेक करून सगळे विमानतळ पाठ केले."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

गेल्या वर्षी ते कायमचे परत गेले. आम्ही गुरुवारी निरोप द्यायचं ठरवलं होतं, केकही सांगितला होता. सोमवारीच टेबल रिकामं. त्यांची मुलगी बाळंतपणाला नाशिकला आली होती. डॉक्टरांनी अजून पंधरा दिवस सांगितले होते, पण काकांचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता. केक आम्ही त्यांच्याविना कापला आणि खाल्लाही.

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला.

"पहिलं रडणं ऐकलं रे," ते म्हणाले. "दाराबाहेरच उभा होतो."