ओढ्याकाठच्या रेताडीत रताळी

मंडळी, आज घरात आनंद आहे, म्हणून लिहायला बसले.

वाटणीत आम्हाला ओढ्याकाठचा रेताड तुकडा आला. त्यात ज्वारी काही धरेना, म्हणून आमचे मालक सोलापूरच्या गिरणीत कामाला निघाले होते. मी म्हटलं, "जायच्या आधी रताळ्यासाठी माती तर बघू की!"

सकाळी दोघांनी खड्डा खणला. हातभर खोल गेलो तरी माती भुसभुशीतच लागली, दगड नाही. घागरभर पाणी ओतलं, तेही तुंबलं नाही, मुरून गेलं.

मालक हसले. "हितं रताळं लई पोसंल की! गिरणीचं ऱ्हाऊ दे आता. होटगीच्या आक्काकडनं वेल आणतो." आणि तसेच बहिणीकडे गेलेसुद्धा!

किती दिवसांनी आज मी गुणगुणत भाकरी थापल्या. तुमच्याकडं रताळ्याला कसली जमीन बघतात?