गोपिकाबाईंची चालती न्याहारी

आमच्या पदभ्रमण मंडळाला न्याहारी शिकवली ती गोपिकाबाईंनी. मंडळाच्या स्मरणिकेत मात्र 'चुलीविना न्याहारी : अध्यक्षांची अभिनव कल्पना' असं छापलंय. स्मरणिका लिहिणारा सचिव मीच, त्यामुळे दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही.

साल शहाण्णव. नवीन जालन्यात बँकांत आणि बियाण्यांच्या कचेऱ्यांत बसून बसून पोटं सुटलेली आम्ही अकरा माणसं. अध्यक्ष भुजंगराव, बँकेतले मोठे अधिकारी. घर ते बँक सातशे पावलं, तीही मोटारसायकलवर. त्यांनी ठरवलं की केदारखेड्याहून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत तीन दिवस पायी जायचं, पाठीवर सामान घेऊन. स्टोव्ह कुणी उचलायचा यावर पहिल्याच सभेत भांडण झालं, म्हणून स्टोव्ह रद्द. मग सकाळी खायचं काय, यावर आणखी दोन सभा. ब्रेड पाठीवर चेपतो, केळी काळी पडतात, आणि उपम्याशिवाय भुजंगरावांचं पोट उघडत नाही. चहा घेऊन आलेला आमच्या हापिसातला शिपाई मल्हारी दाराशी उभा राहून ऐकत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"साहेब, एवढं काय धरून बसले? माझ्या मायला इचारा. तिनं चाळीस वर्सं सकाळच्याला चूल पेटवली न्हाई."

मल्हारीची माय म्हणजे गोपिकाबाई. मेंढरांमागे चालणाऱ्या घरात जन्मल्या आणि तशाच घरात पडल्या. दिवाळी झाली की नवरा धुळाजी, घोड्यावर बिऱ्हाड आणि पुढे दीडशे मेंढरं. पाऊस लागेपर्यंत वाट हेच घर. धुळाजी गेल्यावर पाच वर्षं त्यांनी एकटीने कळप हाकला. मग मल्हारी नोकरीत कायम झाला, त्याने मेंढरं विकली आणि आईला जालन्याला आणलं. म्हणाला, आता बसून खायचं. सून प्रभावती गुणाची. सकाळी आठला ताटलीत गरम उपमा, वर कोथिंबीर. कुणी टाकून बोलत नाही, कुणी काम सांगत नाही. तक्रार करावी तर कशाची, हीच त्यांची अडचण होती. कधी न सांगता त्या चालत सुटायच्या. दोनदा शेजाऱ्यांनी 'म्हातारी वाट चुकली' म्हणून त्यांना रेल्वे स्टेशनावरून घरी आणून सोडलं. चाळीस वर्षं नकाशाविना चाललेली बाई वाट चुकली म्हणे.

मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. आधी त्यांना प्रश्नच कळेना.

"शिजवायचं न्हाई, मंग अडचण काय हाय?" त्या म्हणाल्या.

मग एकेक सांगू लागल्या. दुधात मळलेल्या ज्वारीच्या दशम्या, दोन दिवस खुशाल राहतात. संगं कारळाची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. ज्वारीच्या लाह्या आणि गूळ. आणि सगळ्यांत वर सातूचं पीठ. गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून, जिरं-सुंठ घालून दळायचं, गुळाच्या पाण्यात कालवलं की झालं. आणखी एक प्रकार होता. शिळी भाकरी भगुण्यात चुरायची आणि शेळी धरून वरून धार काढायची. मी वहीत 'शेळी' लिहिलं आणि खोडलं.

"सगळं करून देते," त्या म्हणाल्या, "पर मी संगं येणार."

"या की, मावशी."

"आसं हसत नगा म्हणू. बराबर सांगा. त्या डोंगराखाली आमचा मेंढरांचा वाडा बसायचा. येकदा जाऊन यायचंय, पायी. गाडीत बसून गेलं तर ते गेल्यासारखं वाटत न्हाई."

"नक्की नेतो. माझा शब्द," मी म्हणालो.

पुढच्या सभेत मी विषय काढला. भुजंगराव गंभीर झाले. जबाबदारी कुणाची, गुडघे कसे असतील, वाटेत काही झालं तर? लगेच ठराव झाला : पंचावन्नच्या वरच्या व्यक्तीस नेऊ नये. स्वतः अध्यक्ष त्या साली चोपन्नचे होते. ठरावाला अनुमोदन सचिवाने द्यायची पद्धत असल्याने ते मी दिलं. विरोध करता आला असता, पण सगळे घड्याळाकडे बघत होते.

निघायच्या दिवशी दुपारी मी शिदोरी आणायला गेलो. गोपिकाबाई ओट्यावर तयार उभ्या. लुगडं वर खोचलेलं, हातात काठी, चपलांना नवे तळ ठोकलेले. अकरा फडक्यांत बांधलेली न्याहारी बाजूला होती. बारावं गाठोडं त्यांच्या काखेत.

"मावशी, पुढच्या वर्षी," मी म्हणालो. सकाळपासून पाठ केलेलं बाकीचं वाक्य आठवेना.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काखेतलं गाठोडंही माझ्यापुढे ठेवलं. "हेबी न्या. वाटंत कुणी भेटलं तर द्यावं लागतं," एवढंच म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

केदारखेड्याच्या शाळेत मुक्काम करून सकाळी सहाला उठलो, दात घासले आणि गोल करून न्याहारीला बसलो. सातू इतकं चवदार की प्रत्येकाने दोन-दोन वाट्या ओरपल्या आणि वर तांब्याभर पाणी. मग निघालो. मैलभर गेलो असू, पीठ पोटात फुगलं. भुजंगराव लिंबाखाली आडवे झाले आणि त्यांच्यामागे अख्खं मंडळ. दहा वाजले तरी आम्ही तिथेच, ढेकर देत. एक मेंढपाळ कळप घेऊन आला. त्याने विचारपूस केली, सातू पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

"उठल्या उठल्या खाल्लं व्हय? आधी दोन कोस तोडायचे, जितराब पाणी पिलं की मंग मूठभर खायचं. संगं कुणी जाणतं माणूस न्हाई का?"

अकरा पदवीधर आपापल्या वाट्या आवरू लागले. बारावं गाठोडं मी त्याला दिलं. दुसऱ्या दिवसापासून तसं केलं आणि गडी टणाटण चालले. तिसऱ्या दिवशी डोंगर गाठला. खाली माळावर दगडांची जुनी कुंपणं दिसली. भुजंगरावांनी त्यांतल्या एकावर पाय ठेवून फोटो काढून घेतला.

परत आल्यावर मी गोपिकाबाईंना म्हणालो, "आधी चालायचं असतं हे तुम्ही सांगितलं नाहीत."

"चालल्याबगर कोण खातंय, साहेब? मला काय ठावं सांगावं लागतं." मग हळूच म्हणाल्या, "आमचा वाडा दिसला का?"

दिसला म्हणालो. दगड अजून आहेत म्हणालो. किती उंच, पाण्याच्या कोणत्या अंगाला, कडेची बाभळ आहे का, त्यांनी खोदून खोदून विचारलं. मला फोटोतला भुजंगरावांचा पाय तेवढा आठवत होता.

महिन्याने मंडळाने सत्कार ठेवला. न्याहारीची कल्पना अध्यक्षांची ठरली होती, तरी 'बनवण्याचे मोलाचे सहकार्य' म्हणून शाल-नारळ गोपिकाबाईंनाही. त्यांना स्टेजवर गादीच्या खुर्चीत बसवलं. चालण्याचे फायदे यावर भुजंगराव पाऊण तास बोलले. तेवढा वेळ त्या खुर्चीच्या कडेवर टेकून होत्या, उठायला सांगतील या आशेनं असावं.

कार्यक्रम संपला. त्यांचं घर तिथून दहा मिनिटांच्या वाटेवर. दाराशी मंडळाने रिक्षा उभी केली होती. पाहुणीला पायी धाडणं बरं दिसलं नसतं.

"साहेब," गोपिकाबाई माझ्या बाहीला धरून म्हणाल्या, "येवढं तरी चालू द्या."

मागे बाकीचे दहाही सभासद निरोपाला उभे होते. मी म्हणालो, "मावशी, लोक काय म्हणतील?" आणि मल्हारीने एक दंड, मी दुसरा, असं धरून आम्ही त्यांना आदराने रिक्षात बसवलं.