अण्णांच्या मापाचा बंकर

चूक माझीच. गोल्फच्या मैदानात पाचव्या होलवरचा बंकर, म्हणजे चेंडू अडकवणारा वाळूचा खड्डा, मी एका माणसाची फजिती करण्यासाठी खणला. तेवढ्यावरही थांबलो नाही.

कोल्हापुरात गोल्फ शिकवण्यात माझी वीसेक वर्षं गेली, पण जीव जडला तो मैदान आखण्यावर. जमीन कुठे उतरते, पावसाचं पाणी कुठून वाहतं, कमी ताकदीच्या खेळाडूलाही लांबची का होईना, सुखरूप वाट कशी ठेवायची, यावर मी वह्या भरल्या. शेवटी सगळे नऊ होल, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून खळगीपर्यंतचे नऊ पट्टे, नव्याने आखले आणि तो नकाशा क्लबच्या कमिटीपुढे ठेवला.

कमिटीत अण्णा होते. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे व्यापारी, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे आणि माझेच विद्यार्थी. त्यांनी कागद आधी सुलटा, मग उलटा धरून बघितला.

"मास्तर, ह्यो नकशा हाय का जिलबी?"

सगळे हसले.

"तुमी आपलं काठी धरायला शिकवा की. आखायला पुण्यासनं माणूस येनार हाय."

पुण्याचा माणूस आला, फोटो काढून गेला आणि परत फिरकलाच नाही. मग कमिटीने मला आखायला फक्त पाचवा होल दिला. त्या एकात मी सगळ्याचं उट्टं काढायचं ठरवलं.

अण्णांचा फटका त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक होता. चेंडू सरळ जोतिबाच्या डोंगराकडे निघायचा, मध्येच उजवीकडे वळायचा आणि रोज जवळजवळ त्याच जागी पडायचा. मी पावलं मोजून तिथे चार खुंट्या ठोकल्या.

"हितं कशाला?" माळी म्हणाला. "हितं पानी साचतंय."

मलाही ते माहीत होतं. "खण," मी म्हणालो.

खड्डा छातीइतका खोल झाला. अण्णांचा चेंडू पहिल्यांदा त्यात गेला तेव्हा मी लांब उभा राहून चहा पीत होतो. त्या चहाची चव मला अजून आठवते. एक फटका, दोन, पाच. चेंडू आत, वाळू त्यांच्या डोक्यावर. सोबतचे वरून ओरडले, "अण्णा, हीर पाडताय व्हय?" मला हवा होता तसाच हशा झाला.

दीड महिना हेच चाललं. मग एका सकाळी ते एकटेच माझ्याकडे आले. आवाज खाली होता.

"मास्तर, माझा बॉल उजवीकडंच का जातोय?"

डाव्या हाताची पकड जराशी फिरवली असती तर आठवड्यात फरक पडला असता. ते सांगण्याचाच मला पगार होता.

"वय झालं, अण्णा," मी म्हणालो. "आता असंच चालायचं."

त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. मी जिंकलो होतो. पावसाळ्यात बंकरचं डबकं झालं, नवशिक्यांचे चेंडू त्यात बुडू लागले, आणि माळी माझ्याकडे बघत पाणी उपसायचा. तरी मला पश्चात्ताप झाला नाही. आखलेल्या कामाची लाज तेवढी वाटली.

दिवाळीच्या आधी भाजी मंडईत अण्णांच्या पत्नी भेटल्या.

"सकाळी उठून बूट घालून बसत्यात," त्या म्हणाल्या. "घटकाभरानं काढून ठेवत्यात. वय झालं म्हनून मास्तरांनीच सांगितलंय म्हनं."

भाजी न घेताच मी त्यांच्या दुकानात गेलो. अण्णा गल्ल्यावर बसले होते.

"या मास्तर. च्या सांगू?"

"नको. आधी ऐका," मी उभ्यानेच म्हणालो. "तुमचं वय झालेलं नाही, मी खोटं बोललो. तुमची पकड चुकत होती. मला दिसत होतं, मी सांगितलं नाही. तो बंकरही तुमचा चेंडू जिथं पडतो तिथंच मोजून खणला. कमिटीत हसलात त्याचा राग अजून आहे, पण तुमचा खेळ बंद करायचा हक्क मला नव्हता. चुकलो, अण्णा. माफ करा."