ओळ सांगणारीचा माइक

एसटीच्या आगारात मी आलेला माल तपासून घ्यायचो. खोक्यावर लिहिलंय तेच आत असेल यावर माझा कधी विश्वास बसला नाही, आणि निवृत्त झालो तरी ही खोड गेली नाही. मेथीची जुडीसुद्धा मी मधून सोडवून बघतो. म्हणून लातूरच्या आमच्या छोट्या चर्चसाठी साउंड सिस्टीम जमवायची ठरली, तेव्हा मंडळीनं ते काम माझ्याच गळ्यात घातलं.

खरं सांगायचं तर मलाच ते हवं होतं. आमच्यात पुस्तक हातात धरून गाणारे थोडे. एकानं ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती उचलायची, अशी पद्धत. लग्न होऊन आल्यापासून ही ओळ माझी बायको सांगत आली, आणि पेटी मी वाजवत आलो. मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज बसला तो बसलाच. ओळ आता दुसऱ्या कुणाला द्यावी, अशी कुजबुज सुरू झाली. ती घरात अवाक्षर काढायची नाही, पण पोळ्या लाटताना गुणगुणायची ते थांबलं होतं. मला फार वाईट वाटायचं. आणि मला वाईट वाटलं की मी बोलत नाही, सामान आणतो.

रेणापूरचा एक डीजेवाला धंदा बंद करून बसला होता. त्याचे दोन स्पीकर बघायला गेलो.

"लई जपून वापरलंय साहेब. बिनघोर न्या."

"एवढं चांगलं हाय तर विकून का राहिलात?"

तो फडक्यानं डबे पुसायला लागला. मी जाळी काढून, टॉर्च मारून आत पाहिलं. काहीच खोट सापडेना, तेव्हा माझा संशय आणखी वाढला. तरी घेतले, कारण नवे परवडणारे नव्हते. अ‍ॅम्प्लिफायर एका मंडपवाल्याचा जुना मिळाला. माइक आणि मिक्सर आमच्या गिटारवाल्यानं नांदेडहून आणले. हा बँकेतला, बदली होऊन आलेला, आणि गिटार इतकी जोरात वाजवणारा की पाळकसाहेबांचं आमेन त्यात बुडून जावं. त्याच्यावर मी पहिल्यापासून डोळा ठेवून होतो.

शनिवारी सगळी जोडाजोड केली. रेणापूरचे डबे वरातीसाठीच बनलेले. ढोलकीवर थाप पडली की खिडकीच्या काचा थरथरायच्या. मिक्सरवरून तो दणका उतरवला आणि बायकोच्या हातात माइक दिला. तिनं एक ओळ म्हटली, डब्यांकडे पाहिलं आणि माइक खाली ठेवला. "बरं हाय," म्हणाली. मी खूश.

रविवारी सगळं ऐकू आलं, फक्त ती नाही. तोंडासमोर माइक, ओठ हलतायत, आणि डब्यांतून नुसती गिटार. पुढच्या रविवारीही तेच. मी रेणापूरला फोन लावून तोंड सोडलं.

"साहेब, गिटार वाजून राहिली ना त्याच्यातून? मग डबा काय बाईमाणसाचा आवाज ओळखून गाळतो का?"

मुद्दा बरोबर होता. मग उरला गिटारवाला. मिक्सर त्याच्या पायाशीच असायचा. मी मिक्सरवरची बायकोच्या माइकची खुंटी वर करून त्या खुंटीवर काळी चिकटपट्टी लावली. तरीही आवाज नाही. तेव्हा लक्षात आलं की भक्ती सुरू होण्याआधी तिच्या हातात माइकही हाच देतो, आणि माइकच्या दांड्यावर बंद-चालूचं बटण आहे. बायकोला विचारलं तर म्हणाली, "असू द्या हो, पुढच्या बायांना येतंय की ऐकू." ही त्याला पाठीशी का घालते, म्हणून मी आणखी चिडलो.

पुढच्या रविवारी कुणी यायच्या आत मी ते बटण चालू केलं आणि त्याच्यावर पट्टीचे चांगले तीन-चार वेढे मारले. म्हटलं, आता कर काय करायचं ते.

पेटीवर मी सूर धरला. ती उभी राहिली. आणि डब्यांतून आवाज आला, खर्र, खर्र. सगळं चर्च वर बघायला लागलं. मी आधी गिटारवाल्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात गिटारीवर होते. मग तिच्याकडे पाहिलं. ती अंगठ्याच्या नखानं माइकच्या बटणावरची चिकटपट्टी खरवडत होती. निघेना, तशी तिनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच, फक्त मला ऐकू जावं असं म्हणाली,

"अहो, बंद करा ना हे. माझा आवाज मला ऐकवू नका."

ते डब्यांतून सगळ्यांनी ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठलो आणि भिंतीतली पिन ओढून काढली.

तिनं माइक सतरंजीवर ठेवला, डोळे पुसले आणि तशीच ओळ सांगितली. घोगरी, मध्येच तुटणारी. पेटीपाशी मला जेमतेम पोचली. पहिल्या रांगेतल्या बायांनी नेहमीसारख्या माना पुढे केल्या, ती ओळ उचलली आणि मागच्यांना दिली.