विमचे सोमवारचे फोटो

ऑफिसातले किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. कॉफी मशिनपाशी एकाने एक सांगितला की दुसरा म्हणतो, "तो चरातला सांगितलास का?" आणि हातातली कॉफी गार होते. आमच्याकडचे निम्मे किस्से एकाच माणसाचे आहेत. विमचे.

बेस्ट नावाच्या छोट्या डच गावात आमचं ऑफिस. मशिनचं सॉफ्टवेअर तपासणारी बारा जणांची टीम, आणि त्यातला विम सगळ्यांत जुना टेस्टर. वय अठ्ठावन्न, शेजारच्या खेड्यात जन्मला आणि अजून तिथेच राहतो. बोलणं कमी, कामात चोख. शनिवारी शिकारीला जातो. परीक्षा, पोलिसांचा परवाना, बंदुकीचं कुलूपबंद कपाट, सगळं कायदेशीर. रविवारी इथे शिकारीला बंदी आहे, म्हणून रविवारी तो फोटो निवडत बसतो.

कारण सोमवारी टीमच्या ग्रुपवर प्रत्येकाने वीकेंडचा एक फोटो टाकायचा, अशी आमच्या मॅनेजरची, येरूनची कल्पना. माणसं जवळ येतात म्हणे.

* * *

विमचा पहिला फोटो आला तेव्हा आमच्यातला प्रसाद बसमध्ये उभा होता. एका हातात दांडा, एका हातात फोन, आणि फोनची काच तडकलेली. हिरवं गवत, त्यावर चार राखी हंस आणि शेजारी जीभ काढून बसलेला कुत्रा. प्रसादला वाटलं, पक्षी ऊन खात पडलेत. त्याने लाल बदाम टाकला. अख्ख्या टीममध्ये त्या फोटोवर तेवढा एकच बदाम होता.

विम त्याच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला की शनिवारी पहाटे पाचला घ्यायला येतो, जाड मोजे घाल. प्रसाद कोल्हापूरचा, समोरच्याला नाही म्हणणं त्याला जमत नाही. गेला.

हंसांचे थवे शेतातलं कोवळं गवत खाऊन टाकतात, शेतकरी हैराण होतात, म्हणून मारायची परवानगी मिळते, हे विमने त्याला गाडीत सांगितलं. मग दोघं शेताच्या कडेच्या चरात ओल्या गवतावर तीन तास पालथे पडून राहिले. अखेर एक मोठा थवा खाली उतरायला लागला, विमने बंदूक सरसावली, आणि प्रसादच्या खिशात आरती सुरू झाली. टाळांसकट. आईचा फोन होता, उठलास का विचारायला.

थवा गेला. विमने शांतपणे बंदूक उघडून काडतुसं काढली आणि थर्मासमधली कॉफी प्रसादलाही दिली.

सोमवारी विमने फोटो टाकला. नुसतं रिकामं आभाळ. खाली लिहिलं होतं, "शनिवारी प्रसादने बारा जीव वाचवले."

आमच्याकडे फेमके नावाची मुलगी आहे, दूधही न पिणारी. तिने मंगळवारी प्रसादसाठी केक करून आणला.

* * *

दसऱ्याला मी टेबलावर सरस्वतीचं छोटं चित्र ठेवलं होतं, कीबोर्डवर झेंडूचं फूल. हे काय, म्हणून विम थांबला. मी विद्येची देवता वगैरे सांगितलं, आणि तेवढ्यात प्रसादने मागून भर घातली की तिचं वाहन हंस आहे, आणि तू शनिवारी तेच मारतोस.

विम आपल्या टेबलाकडे गेला. वाचायचा चष्मा आणला, चित्र हातात घेऊन खिडकीपाशी गेला आणि एखादा बग शोधावा तसं ते बराच वेळ बघत राहिला. मग जपून जागेवर ठेवून म्हणाला, "मान बघ, चोच बघ. हा राजहंस आहे. माझे ते वेगळे. यांच्यावर मी बंदूक उचलत नाही."

जाताना झेंडूचं फूल सरळ करून गेला.

* * *

पण सगळ्यांना हे गमतीचं वाटत नव्हतं. कोणीतरी येरूनकडे तक्रार केली आणि नियम आला: सोमवारच्या ग्रुपवर मेलेले प्राणी नकोत. विमने वाचलं, मान हलवली. पुढच्या सोमवारी त्याने आपल्या सायकलच्या नव्या सीटचा फोटो टाकला.

त्याच सकाळी प्रसादने आदल्या दिवशीचा पांढरा रस्सा टाकला. वर मोठं नळीचं हाड. खाली विमने एकच ओळ लिहिली: "हा जिवंत आहे का?"

येरूनने अर्ध्या तासाची मीटिंग लावली. इथे कशालाही मीटिंग लागते आणि त्यात प्रत्येकाला आपलं मत मांडावं लागतं. कोणी म्हणालं, शिजलेलं चालेल, न शिजलेलं नको. कोणी म्हणालं, रक्त दिसलं तर नको. मी चिकन खाते, त्यामुळे मी खिडकीबाहेर बघत होते. सगळ्यांना वाटत होतं तक्रार फेमकेची असणार. पण ती म्हणाली, "मला दोन्ही नकोत. पण त्या हॅमच्या सँडविचपेक्षा विमचा फोटो मला खरा वाटतो. आपण कोणाला मारलं हे निदान त्याला माहीत असतं."

ज्याच्या हातात हॅमचं सँडविच होतं तो येरून होता.

शेवटी ठरलं की फोटोच्या आधी एक ओळ लिहायची, "मेलेला प्राणी आहे, बघायचं तर उघडा." तेव्हापासून विमचे फोटो सगळ्यांत जास्त उघडले जातात.

* * *

आता माझा. हा मी कॉफी मशिनपाशी सांगत नाही.

एका सोमवारी विमने एक फोटो टाकला. तो गुडघ्यावर बसलेला, समोर नुकतंच मारलेलं हरीण, मागे त्यांच्या गावच्या चर्चचा मनोरा. इथे हरणं वाढली की रस्त्यावर गाड्यांखाली येतात, म्हणून दरवर्षी ठरावीक मारायची परवानगी असते. मी तो फोटो पुण्याच्या माझ्या कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर ढकलला. वर लिहिलं, "आमच्या ऑफिसातला शिकारी." डोक्यात एवढंच की मैत्रिणींना गंमत वाटेल.

दहा-बारा दिवसांनी विम डबा खायला माझ्यासमोर येऊन बसला. कधी बसत नाही. म्हणाला की त्यांच्या गावच्या पेजवर कोणीतरी त्याचा फोटो टाकलाय. मनोऱ्यावरून लोकांनी गाव ओळखलं, मग त्याला. गाडीच्या वायपरखाली कोणी 'खुनी' लिहिलेला कागद अडकवून गेलं. बायको, अनी, दर गुरुवारी गाण्याच्या ग्रुपला जाते, ती या गुरुवारी घरीच राहिली. मग त्याने फोन माझ्यापुढे धरला. फोटोच्या वरच्या कडेला स्क्रीनशॉटमध्ये एक ओळ तशीच राहिली होती. देवनागरीत.

"ही तुमची लिपी ना? काय लिहिलंय?"

प्रसाद शेजारीच होता. त्याने वाचली आणि डबा बंद केला.

मी वाचून दाखवली. मग सांगितलं की हे मीच लिहिलंय. पुण्यातल्या कोणाची तरी मावसबहीण इथेच, झुइडओस्ट भागात राहते, तिच्याकडून तिकडच्या ग्रुपवर, आणि तिथून पुढे, असं सगळं नंतर कळलं. पण सुरुवात माझ्यापासून होती.

विमने फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "हरणासाठी माझ्याकडे परवाना होता. फोटोसाठी तुझ्याकडे कोणाचा होता?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी सगळ्या ग्रुपवर फोटो काढून टाका म्हणून लिहिलं. बऱ्याच जणींनी काढला. एकीने विचारलं, "एवढं काय मनाला लावून घेतेस? तो तर डच आहे." मी तिला पुन्हा लिहिलं, फोटो काढ.

रविवारी मी चिवड्याचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. दार अनीने उघडलं. मी पाठ करून आणलेली डचमधली माफी अडखळत म्हटली. तिने ऐकून घेतलं, डबा घेतला, मला आत बसवलं. मग तिचा पारा चढला, पण तो भलतीकडेच. सतरा वर्षं तो स्वेटर फेकून दे म्हणून सांगतेय, तिने विमकडे बोट दाखवलं, कोपराला केवढं भोक आहे, आणि आता सगळ्या गावाने बघितलं.

विम चिवडा खात होता. शेंगदाणे वेचून.

* * *

मे महिन्यात सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. माळकरी नाहीत, पण अंड्याचा केकही घरात चालत नाही. विम-अनीला रविवारी जेवायला बोलावलंय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "येऊ देत. पण मला त्यांना एक विचारायचंय. तू नीट सांग, मधलं गाळू नकोस."

पिठलं, भाकरी, भरली वांगी झाली. विमने तिसरी भाकरी घेतली. सासूबाईंनी शिरा वाढला, पदर खोचला आणि समोर बसल्या.

"फोटो काढता म्हणे. दाखवा."

मी नवऱ्याकडे बघितलं. अनिकेत शिऱ्यातले बेदाणे मोजत होता. मी विमला सांगितलं. मेलेला प्राणी आहे, हे त्यांना सांग, असं तो म्हणाला. सांगितलं. "ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या.

त्याने आदल्या दिवशीचं हरीण काढलं. उजव्या कुशीवर निजलेलं, पाय नीट जुळवलेले. सासूबाईंनी फोन लांब धरला, मग दोन बोटांनी फोटो मोठा केला. हरणाच्या तोंडात ओकची हिरवी डहाळी होती.

"खात होतं का मरताना?"

विमने मान हलवली. नाही, ती नंतर ठेवतात. डचमध्ये तो एक शब्द म्हणाला, त्याचं मराठी करायला मला काही अडलं नाही. शेवटचा घास.

"कोण ठेवतं?"

"ज्याने गोळी घातली त्यानेच ठेवायचा. मग टोपी काढून जरा वेळ उभं राहायचं."

"आणि फोटो?"

"त्याच्यानंतर."

सासूबाई फोटोकडे बघत राहिल्या. शिरा गार होत होता.

"आपण तुळशीचं पान ठेवतो," त्या म्हणाल्या.

मी ते विमला सांगितलं. तुळस म्हणजे काय, ते अनीला सांगितलं. मग सासूबाईंना आठवण करून दिली की तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "हा फोटो मला पाठवतील का, विचार."

विमने चष्मा लावला आणि फोन परत घेतला. "नंबर सांगा," म्हणाला.