पगारे सरांच्या नावावरचं वाक्य

हे मी आजवर कुणापाशीही बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं म्हणजे काय दिव्य आहे, ते तुम्ही तिला ओळखत असता तर कळलं असतं. तोक्योतल्या माझ्या मंडळीपाशी, म्हणजे चर्चच्या लोकांपाशी, तर नाहीच. एवढंच काय, प्रार्थनेतसुद्धा मी हे नीट उच्चारलेलं नाही. तिथेही आडवळणानंच बोलतो. सवय, दुसरं काय! दोन टर्म आमदार होतो मी. सरळ बोलणं तेव्हाच सुटलं.

हो, आमदार. आणि आता पाळक, म्हणजे चर्चचा पास्टर. हसू नका — म्हणजे हसा, माझी हरकत नाही. तोक्योच्या कोतो भागात वॉर्डाच्या सरकारी इमारतीतला एक हॉल आम्ही रविवारी तासाच्या हिशेबानं भाड्यानं घेतो. जवळच्या हिगाशी-कसाईहून आयटीतली पोरं येतात, बायकामुलांना घेऊन, सायकलींवरून. दोन-तीन जपानी म्हातारेही येतात. उपासना झाली की खुर्च्या रचायच्या, फरशी पुसायची, कचरा वेगवेगळा करून आपापल्या घरी न्यायचा. एके काळी माझ्या मागून माणसं माझी बॅग धरून चालायची, आता मी बाटल्यांची बुचं वेगळी काढतो. बायको अजून तिचेच देव पूजते, पण मंडळीचे पोहे तीच करते. 'तुमचं प्रवचन ऐकून लोकांना भूक लागते,' म्हणते.

लोक मला ओळखतात ते माझ्या साक्षीमुळे. साक्ष म्हणजे काय — आमच्यात माणूस सगळ्यांसमोर उभा राहतो आणि सांगतो, मी आधी कसा होतो आणि देवानं मला कसं बदललं. माझी साक्ष गाजलेली आहे. गाजणारच, बोलण्यावरच तर जगलो मी! तिचा पहिला भाग आधी ऐका. तो अक्षरन् अक्षर खरा आहे.

आमच्या गावात ख्रिस्ती लोकांची थोडी घरं होती. त्यांची जुनी दफनभूमी भरून गेली होती, म्हणून गावाबाहेरच्या सरकारी पडीक जमिनीचा एक तुकडा ते मागत होते. घोडं अडलं होतं माझ्यापाशी. आमचा पक्ष परंपरावाल्यांचा, आणि त्यात सगळ्यात मोठा गळा माझा. भर चौकात सभा घेऊन मी म्हणालो, 'आज मेलेल्यांना जागा मागतायत, उद्या जित्यांना मागतील!' काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. फाइल जिथे होती तिथेच बसली.

पगारे सर आमच्या हायस्कूलला भूगोल शिकवायचे. जागेसाठी खेटे घालणारे तेच. ऐन मे महिन्यात त्यांची बायको गेली. तहसीलदार त्यांना म्हणाले, आमदारसाहेबांचा नुसता एक फोन येऊ दे, त्या तुकड्यात पुरायला मी आजच परवानगी देतो. सर तसेच माझ्या बंगल्यावर आले. मी पीएला म्हणालो, साहेब मुंबईला गेलेत म्हणून सांग. आणि आत बसून आमरस-पुरी खाल्ली. कुणीतरी काहीतरी विनोद केला, मी हसलो. माझं हसणं तुम्ही ऐकलेलं नाही — रस्त्यापर्यंत जातं. बाहेर बाकावर बसलेल्या सरांना ते ऐकू गेलं नसेल? दुपार होईपर्यंत ते बसून राहिले, मग उठून निघून गेले. बायकोला बर्फाच्या लाद्यांवर ठेवून टेंपोतून शेजारच्या तालुक्यात नेलं आणि तिथल्या दफनभूमीत पुरलं. टेंपोत मागे त्यांची मुलगी बसली होती, शाळकरी. हेही मला संध्याकाळीच कळलं होतं, आणि मी 'अरेरे' म्हणून चहा मागवला होता.

पुढे माझं तिकीट कापलं गेलं. गर्दी पांगली, दारू वाढली, आणि एक दिवस मी एका मिशनच्या दवाखान्यात येऊन पडलो. तिथे कुणी माझा पक्ष विचारला नाही. रोज हातपाय पुसले, पेज भरवली. मी बदललो, ते खरंच बदललो — त्यात खोट नाही. बायबल शाळेत गेलो, पाळक झालो, इथल्या मराठी कुटुंबांनी बोलावलं म्हणून इकडे आलो.

आता साक्षीचा दुसरा भाग. तो मी असा सांगतो: बरा झाल्यावर मी पहिला पगारे सरांच्या दारात गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'साहेब, मी त्याच दिवशी माफ केलं. यायला उशीर तुम्ही केलात.' इथे मी थांबतो. किती थांबायचं, हे मला कुणी शिकवायला नको. लोक डोळे पुसू लागले की मग पुढे बोलतो.

कसं आहे वाक्य? चांगलं आहे ना? माझंच आहे ते.

गेलो होतो मी. म्हणजे — त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. गाडीत बसून पाहिलं. सर खरंच ओट्यावर होते, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. एकटे. चादरीची घडी एकट्या माणसाला नीट घालता येत नाही, ते टोकं हनुवटीखाली धरून घालत होते. मी दाराच्या कडीवर हात ठेवला होता. आणि उतरलो नाही. का? काय सांगू — त्यांनी नाही म्हटलं असतं तर? सगळ्या गल्लीसमोर दार लावून घेतलं असतं तर? मी, ज्याला लोक वाकून नमस्कार करायचे, तो तिथे उभा राहिला असता. टरकलो मी. ड्रायव्हरला म्हटलं, चल. पुढे सर वारले. त्यांनाही बायकोशेजारीच पुरलं, त्याच परक्या तालुक्यात.

बायबल शाळेत पहिल्यांदा साक्ष द्यायला उभा राहिलो, तेव्हा खोटं बोलायचं काही ठरवून गेलो नव्हतो. पण 'मी सरांच्या घराकडे गेलो' म्हणालो आणि अख्खा वर्ग कान देऊन बसला. मग? मग काय झालं? कुणी विचारलं नाही हो, पण सगळ्यांच्या तोंडावर तेच. तिथे कुणाची साक्ष अशी अर्धवट संपत नसे. गल्लीतून परत फिरलेल्या माणसाची साक्ष कोण ऐकणार? वाक्य आपोआप जिभेवर आलं. त्या दिवशी टाळ्या नव्हत्या, पण मला ऐकू आल्या. मग काय, सांगत सुटलो.

इथवर असतं तरी एक वेळ — नाही, तेही कमी नव्हतं. पण मागच्या वर्षी पावसाळ्यात एका रविवारी हॉलमध्ये एक नवी बाई येऊन बसली. रेनकोटची घडी मांडीवर, पस्तिशीच्या आसपासची. ऑफिसातल्या कुणीतरी मराठी मंडळी आहे म्हणून सांगितलं, त्यामुळे आली होती. मी साक्ष दिली. संपल्यावर ती खुर्च्या रचायला लागली, एकेक खुर्ची ठेवत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, 'पास्टर, मी पगारे सरांची रूथ.'

टेंपोतली मुलगी! वाटलं, आता तोंडात मारेल. मारली असती तर सुटलो असतो. पण तिला दुसरंच विचारायचं होतं.

'बाबा खरंच असं म्हणाले?'

ती म्हणाली, आई गेल्यापासून बाबा कधी मोठ्यानं प्रार्थना करत नव्हते. आईचा विषय काढला की उठून जायचे. मला वाटायचं, मनात राग धरूनच गेले. मीही चर्चची पायरी चढणं सोडलं. असा माणूस देवाकडे पोचला की नाही, याचीच मला भीती वाटते, पास्टर.

बघा, केवढी संधी होती ती. समोर कुणी नव्हतं, पोरं पोहे खात होती. एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, 'हो. असंच म्हणाले.'

'कुठे बसले होते?'

'ओट्यावर.'

'हसले का?'

'थोडंसं,' मी म्हणालो.

ती रडायला लागली. किती वेळ रडली! मग माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, 'बाबांनी सोडलं, तर मी कोण धरून बसणारी? मीही सोडलं, पास्टर. मीही माफ केलं तुम्हाला.' मी ते घेतलं. खाली मान घालून, नम्रपणे घेतलं. नम्र दिसायची कला मला प्रचारापासून येते.

रूथ आता दर रविवारी येते. उत्तम गाते. तिचं जपानी फर्डं आहे, म्हणून कोबेच्या एका जपानी मंडळीनं मला बोलावलं, तेव्हा दुभाष्याचं काम तिनंच केलं. मी एक वाक्य बोलायचो, ती जपानीत सांगायची. बर्फाच्या लाद्या तिनं सांगितल्या. टेंपो सांगितला, मागे बसलेली मुलगी सांगितली — ती मुलगी मीच, हे मात्र नाही म्हणाली. मग ते वाक्य आलं. मी थांबलो, जिथे थांबतो तिथेच. तिला बोलता येईना. पुढच्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले. मला वाटलं, आत्ता मराठीत सांगून टाकावं, हिच्याशिवाय कुणाला कळणार नाही. जीभ रेटली नाही. ती सावरली, तिनं बापाच्या तोंडचं म्हणून ते वाक्य जपानीत सांगितलं, आणि मी पुढची ओळ बोललो.

नाताळच्या सुट्टीत रूथ गावी जाऊन आली. तिथून तिनं फोनवर फोटो पाठवला. आईबाबांच्या कबरीवर तिनं नवा काळा दगड बसवून घेतला आहे. वर दोघांची नावं, आणि खाली मोठ्या अक्षरात कोरलंय: 'मी त्याच दिवशी माफ केलं.'

खाली तिनं लिहिलं होतं, 'पास्टर, बाबांना आवडलं असतं ना?'

सरांनी मला माफ केलं होतं की नव्हतं, हे जगात कुणालाच माहीत नाही. मी विचारलंच नाही. फोन बराच वेळ हातात होता. बायको म्हणाली, कुणाचा मेसेज आहे एवढा? मी म्हटलं, काही नाही, मंडळीचं काम.

मग मी रूथला लिहिलं — हो, खूप आवडलं असतं.