दाजींचा थवा
दाजींच्या पुण्यातल्या हॉलमध्ये भोरड्यांच्या थव्याचा फोटो टांगलाय, तो दिसला की अजून माझं टाळकं सरकतं. त्या हिवाळ्यात खुटबावला आमची ज्वारी हुरड्यात आली होती आणि सकाळपासून मचाणावर उभा राहून मी गोफण फिरवत होतो. खांदा भरून आला होता, तोंडात धूळ कचकचत होती. तेवढ्यात श्रीलंकेत पक्षी बघून आलेले दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कॅमेरा घेऊन बांधावर आले. तिथं म्हणे एकाच दिवसात सकाळी थंडगार डोंगर आणि दुपारी कोरडं रान बघता येतं. "पाचच मिनिटं गोफण थांबव रे," ते म्हणाले. मी आबांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं बघितलं. आबा हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे, जावई हायेत." मी गोफण खाली टाकली. काळा-गुलाबी थवा भर्रकन कणसांवर उतरला. पाचाची वीस मिनिटं झाली. पाखरं उठली तेव्हा बांधाकडची कणसं पार भुंडी झाली होती, आणि आबा दाजींना चहाचं विचारत होते. दाजी आजही येईल त्याला फोटो दाखवून सांगतात, "श्रीलंकेतसुद्धा असा थवा मिळाला नाही." मिळेल कसा? तिथं गोफण खाली टाकणारा मेहुणा कुठून आणणार?